कुशीवर वळा, आजोबा

“मग कॉलेज सोडू की नको? तेवढं सांगा.”

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची मीनल पावरा बसायला तयार नव्हती. एप्रनची घडी करून तिने साळवे मॅडमच्या टेबलावर ठेवली होती.

मॅडम तिच्या मार्गदर्शक. मार्गदर्शन म्हणजे महिन्याला एक सही आणि वर फुकटची अक्कल, असंच तिथे चालायचं.

“झालं काय?”

“मलाच विचारता? वॉर्डच्या दारात तर उभ्या होतात.”

मॅडमनी मान खाली घातली.

“मग परत ऐका. कोपऱ्यातले आजोबा गेले. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, अंग पुसून दे. पुसताना तोंडातून निघालं, ‘आजोबा, कुशीवर वळा हं जरा.’ सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या. सिस्टर म्हणाल्या, मढ्याशी बोलतेय, हिलाच आधी भरती करा. आता हॉस्टेलात मला नाव उरलं नाही. सगळ्या ‘कुशीवर वळा’ म्हणतात.”

“मेलेल्याला ऐकू येतं?”

“नाही. एवढं शिकलेय मी.”

“मग बोललीस कशाला?”

“मी रोज बोलायचे ना त्यांच्याशी! हात उचलते हं, पाठ पुसते हं... न सांगता हात लावला की दचकायचे ते. आता गेले म्हणून काय, मुकाट्याने ओढाओढ करायची?”

मॅडमनी टेबलावरचा एप्रन जवळ ओढला.

“आणि तुम्ही? वर्गात ‘रुग्णाचा सन्मान, रुग्णाचा सन्मान’ म्हणून घसा कोरडा करता. तिथे एक शब्द फुटला नाही.”

“नाही फुटला.”

“का?”

“घाबरले.”

“कुणाला? त्या सिस्टरला?”

“मलाही हसल्या असत्या.”

मीनलने त्यांच्याकडे नीट पाहिलं. रिटायरमेंटला आलेली बाई. सगळा जन्म मुलींना ‘धीट व्हा’ सांगण्यात गेलेला.

तिला अजून चार शब्द सुनावायचे होते.

मॅडम उठल्या. एप्रन उलगडून तिच्या मागे गेल्या आणि नाडी बांधू लागल्या. गाठ बसेना.

मीनल हलली नाही. गाठ बसेपर्यंत तशीच उभी राहिली.

“मी राहते असं म्हटलेलं नाही अजून,” ती म्हणाली. आवाज मात्र उतरला होता.

“नको म्हणूस...”

मॅडम तिच्या समोर आल्या.

“पुढच्या वेळी कुणी गेलं, तर मला हाक मार. तू बोल. पाणी मी धरते.”