तीन फाटकी माउंटिंगं

"ह्यातलं सगळ्यात कडक कुठलं, तेवढंच सांगा चाचा. बाकीचं माझं मी बघतो."

संग्राम खराडेनं तीन चकचकीत डबे बाकड्यावर ओळीनं मांडले आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

बाबालाल मिस्त्रींनी डब्यांकडं ढुंकूनही बघितलं नाही. ते बशीतनं चहा पीत होते. सत्तरी ओलांडलेला हात चांगलाच थरथरत होता. बशी मात्र काठोकाठ भरलेली, आणि थेंब सांडायचं नाव नाही.

हा माणूस पाना तरी कसा धरत असेल, संग्रामच्या मनात आलं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पाठीमागच्या गल्लीतली ही पत्र्याची शेड. पाटी नाही, की रंगरंगोटी नाही. पण घाटाच्या शर्यतीत गाडी पळवणारा प्रत्येक गडी कधी ना कधी हिच्या दारात येऊन गेलेला. संग्रामच तेवढा आला नव्हता. आपल्याला कुणाची गरज काय, असा त्याचा खाक्या. आज आला तो नाइलाजानं.

वर्षभरात त्याच्या गाडीचं तिसरं माउंटिंग फाटलं होतं.

माउंटिंग म्हणजे काही मोठी भानगड नव्हे. इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये बसणारा रबराचा ठोकळा. इंजिनाला धरून ठेवायचं आणि त्याचे हादरे पोटात घालायचे, एवढंच त्याचं काम. पण ते फाटलं की इंजिन जागच्या जागी उड्या मारायला लागतं, गिअर अडकतो, आणि घाटात गिअर अडकला की शर्यत गेलीच म्हणून समजा.

येत्या रविवारी भैरीच्या घाटाची शर्यत होती. गाडीचे मालक दौलतअण्णा, त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "संग्राम, ह्या खेपेला पहिल्या तिघांत आलास तर गाडी तुझ्याकडं. नाहीतर किल्ली दुसऱ्याच्या हातात."

गाडी गेली की संग्रामजवळ उरणार काय? त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

"बोला की चाचा."

बशी खाली ठेवून चाचांनी तोंड पुसलं.

"जुनं कुठाय?"

"जुनं?"

"फाटलेलं."

"ते कशाला? हे बघा ना. हे पहिलं रबराचंच, पण जरा कडक. हे लाल, पीयूचं, म्हणजे टणक प्लास्टिकसारखं, ह्याला नखसुद्धा लागत नाही. आणि हे तिसरं निव्वळ ॲल्युमिनियम. रबर नावालासुद्धा नाही. मला वाटतं हेच बसवावं."

"नवं बघून काय कळतंय? त्यानं अजून काम कुठं केलंय? जुनं आण."

आता ही काय कटकट, असं पुटपुटत संग्राम डिकीकडं गेला. बरं तर बरं, तिन्ही फाटकी माउंटिंगं पोत्यात तशीच पडून होती. त्यानं पोतं आणून बाकड्यावर उपडं केलं.

चाचांनी एक उचललं. चष्मा कपाळावर सरकवला. डोळे मिटले म्हणा ना, आणि अंगठा रबरावरनं फिरवायला लागले. दुसरं घेतलं. मग तिसरं.

शेजारच्या लेथचा आवाज तेवढा येत होता.

"तू घाटात पाय उचलतोस," चाचा म्हणाले.

संग्राम हसला. अगदी मोठ्यानं हसला.

"मी? चाचा, एक्सलेटरवरनं पाय न उचलणारा म्हणून मला ओळखतात. अख्ख्या जिल्ह्याला विचारा."

"जिल्ह्याला कशाला इचारू? ह्याला इचारलं की."

त्यांनी माउंटिंग उलटं करून त्याच्यासमोर धरलं.

"एक्सलेटर दाबला की इंजिन मागं झुकतंय. तवा ताणती ती ही बाजू. बघ, कशी धडधाकट हाय. पाय काढला की इंजिन फुडं झुकतंय. तवा ताणती ती ही."

त्या बाजूला आरपार चीर गेलेली होती. बोट जाईल एवढी.

"पाय सगळेच काढतात," संग्रामचा आवाज जरा चढला. "वळण आलं की काढावाच लागतो."

"दमानं काढलेला पाय रबराला कळत पण न्हाई. हा दचकून काढलाय."

चाचांनी चिरेवर बोट ठेवलं.

"आणि घाटभर न्हाई. घाटभर दचकला असतास तर ह्याची चाळण झाली असती. ही एकच चीर हाय. हितनं सुरू झाली आणि वाढत गेली. तिन्हीची तशीच." चाचांनी माउंटिंग अलगद खाली ठेवलं. "एकच जागा हाय. कुठली, ते मला म्हाईत न्हाई."

संग्रामनं ते माउंटिंग पटकन पोत्याखाली सारलं.

कारण ती जागा त्याला माहीत होती. आणि तिथं तो दचकतो हे त्याच्याशिवाय जगात कुणालाही माहीत नव्हतं... बायकोला नाही, अण्णांना नाही, शेजारच्या सीटवर बसणाऱ्यालाही नाही. अन् हा म्हातारा! ह्यानं कधी त्याला गाडी चालवताना बघितलेलं नाही, भैरीच्या घाटात पाऊल टाकलेलं नाही, आणि एका काळ्या ठोकळ्यावर अंगठा फिरवून पोटातलं बाहेर काढतो?

तो बाकड्याच्या कडेला टेकला.

"भैरीच्या घाटातलं पिंपरणीचं वळण," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना.

चाचांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला.

"गेल्या वर्षी सरावाला एकटाच गेलो होतो. गाडी घसरली. मागचं चाक कडेच्या बाहेर... ब्रेकवर पाय दाबून बसलो. खाली दगड सुटत होते चाचा. सुटल्याचं ऐकू यायचं. पडल्याचं यायचं नाही."

"मग?"

"वीस मिनिटांनी दुधाचा टेम्पो आला. त्यांनी दोर बांधून ओढलं. मी सगळ्यांना सांगितलं, माउंटिंग फाटलं, गिअर अडकला, म्हणून झालं."

"फाटलं हुतं?"

संग्रामनं पोत्याचं टोक बोटांत पिळलं.

"त्या दिशी फाटलं हुतं?"

"नाही. पहिलं फाटलं ते त्यानंतर."

बोलून गेला, आणि मग त्याचं त्यालाच लख्ख दिसलं. वर्षभर तो माउंटिंगाला शिव्या घालत होता. दुकानदाराला घालत होता, रबराला घालत होता. इतक्या जणांना इतक्या वेळा तेच सांगितलं की स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं. आणि बिचारं रबर! ह्याच्या प्रत्येक दचकण्यासरशी ते ताणत होतं, सहन करत होतं, आणि शेवटी फाटत होतं.

लाजेनं त्याचे कान तापले.

"म्हणून म्हणतो चाचा," तो घाईघाईनं म्हणाला, "ॲल्युमिनियमचंच बसवा. फाटायला रबरच नको. मग कितीही दचकू दे, गाडीला काही होणार नाही."

"आणि तू दचकलास ते कुणाला कळंल?"

"कुणालाच नाही."

"तुला?"

चाचा उठले. लाल डबा आणि ॲल्युमिनियमचा डबा झाकण लावून बाजूला ठेवला. पहिल्यातलं रबराचं माउंटिंग काढून तळहातावर तोललं, अंगठ्यानं दाबून बघितलं.

"हे बसवूया. पायजे तेवढं कडक हाय. आणि अजून रबर हाय."

मघाशी ह्याच जागी संग्राम कमरेवर हात ठेवून उभा होता, हे त्याला आता आठवायलाही नको वाटत होतं.

दोघं गाडीखाली शिरले. इंजिनाला लाकडी ठोकळ्याचा टेकू लावला. संग्रामनं बॅटरीचा उजेड धरला. शेवटचा बोल्ट सांगाड्याच्या आडोशाला, नजर पोचत नाही अशा ठिकाणी. त्याच्या नेहमीच्या गॅरेजात दोन-दोन माणसं त्या बोल्टाशी अर्धा तास झटतात आणि देवाचं नाव घेतात.

चाचांनी बोल्ट दोन बोटांत धरला. हात थरथरत होता. तसाच थरथरत तो फटीत शिरला, कोपरापर्यंत आत गेला... आणि टक्. पहिल्या झटक्यात बोल्ट भोकात.

संग्राम बघतच राहिला. बॅटरी धरलेला त्याचा स्वतःचा धडधाकट हात तेवढ्यात दोनदा हलला होता.

"चाचा, एवढा हात थरथरतो तुमचा... तरी कसं जमतं?"

"कुठं थरथरतोय?" चाचा खरोखरच आश्चर्यानं म्हणाले आणि हात बघायला लागले.

गाडीखालनं बाहेर आल्यावर संग्रामनं त्यांचे पाय धरले. चाचांनी त्याला दंडाला धरून उठवलं आणि गाडीकडं बोट दाखवलं.

"लाव चालू."

इंजिन गुरगुरलं. उघड्या बॉनेटखाली ते आपल्या जागी बारीक थरथरत होतं. एक्सलेटर दाबला की मागं झुकायचं, सोडला की पुढं यायचं, आणि नवं रबर त्याला दोन्हीकडून सांभाळून घ्यायचं. हजारदा बघितलेलं दृश्य, पण आज संग्रामची नजर तिथनं हलेना.

तो बाहेर येऊन चाचांच्या शेजारी उभा राहिला. रविवारचा घाट त्याला दिसायला लागला. पिंपरणीची ती कड. खालचे दगड. अण्णांच्या हातातली किल्ली.

"चाचा..."

"बोल."

"सगळं कळलं. मान्य आहे. पण रविवारी त्या वळणाला पोचलो, आणि पुन्हा हातपाय थरथरायला लागले, तर?"

चाचांनी त्याच्याकडं बघितलं. मग खिडकीतनं हात आत घातला आणि किल्ली फिरवली.

इंजिन एकदा गदगदलं आणि थांबलं. शेडमध्ये चिडीचूप झालं.

चाचांनी संग्रामचा हात धरून इंजिनावर टेकवला.

"बघ," ते म्हणाले. "आता थरथरत न्हाई. आणि पळत बी न्हाई."