लाडू मेस्त्रीनं चाकं उतरवली

फार वर्षं झाली याला. किती, ते विचारू नका. कुसवड्यात जो तो आपल्या पणज्याचं वय धरून सांगतो, आणि पणजे काही सगळ्यांचे सारखे नसतात. तेव्हा कोकणातल्या या गावी लाकूड कापायची गिरणी नव्हती. गिरणीच गावोगाव यायची, बैलगाडीवर बसून. गाडीवर तेलाचं इंजिन, इंजिनाला पट्टा, पट्ट्याला गोल करवत, आणि या सगळ्याचा मालक लाडू मेस्त्री. नाव लाडू, पण माणूस काडीसारखा. झाड जिथे पडेल तिथे तो गाडी नेई, आठ दिवस राही आणि निघून जाई. नवव्या दिवशी त्यानं कुठल्याच गावचं पाणी प्यायलं नाही, असं म्हणतात.

कुसवड्यात मात्र त्याला तापानं गाठलं. गाडी राहिली आंब्याखाली आणि मेस्त्री पडला देवकू सुईणीच्या पडवीत. देवकूनं त्याला एकवीस दिवस पेज पाजली, काढे पाजले, अधूनमधून शिव्याही पाजल्या. जात-गोत न विचारता तिनं त्याला मरणाच्या दारातून ओढून आणलं. बरा होऊन उठला तेव्हा त्याला रडूच फुटलं.

"आये, तुजे उपकार कसे फेडू? काय व्हया ता सांग."

"माका साकव व्हयो," देवकू म्हणाली.

गाव आणि भेडलेवाडी यांच्यामधून व्हाळ जातो. म्हणजे ओढाच, पण पावसाळ्यात नदीला लाजवणारा. पोफळीच्या खोडांचा साकव, म्हणजे पायी जायचा लाकडी पूल, दर वर्षी गावानं घालायचा आणि दर वर्षी पुरानं न्यायचा, असं चाललं होतं. मागच्या श्रावणात वाडीतली एक पोर बाळंतपणात अडली. देवकू अलीकडच्या काठावर उभी राहून पुरावरून ओरडून सांगत राहिली, असं धरा, तसं करा. मूल जगलं, आई गेली.

"माजो आवाज पोचलो रे झिला," ती म्हणाली, "हात पोचाक नाय."

पुराला दाद न देणारा साकव हवा तर ऐनाच्या टणक लाकडाच्या अखंड तुळया हव्यात, अठरा-अठरा हातांच्या. अख्खं खोड उचलायला हत्ती लागला असता. ते उभं चिरूनच नेता येणार. आणि इथेच घोडं अडलं. चाकांवरच्या गिरणीत आखूड फळी सरळ निघते, पण लांब खोड चढवलं की गाडी डुलते आणि करवत भरकटते. दोन खोडं वाया गेली. मेस्त्री डोक्याला हात लावून बसला आणि मग म्हणाला, "चाकां काढूक व्हयी."

हे काही सोपं नव्हतं, बरं का. त्याच्या बापानं आणि आज्यानं कधी एका जागी चूल मांडली नव्हती. पण यानं चाकं उतरवली, आणि पुन्हा घालायचा मोह नको म्हणून त्यांच्या लोखंडी धावा लोहाराकडे नेल्या. इंजिन जमिनीला जखडायचे खिळे त्यातून करायचे होते.

लोहार म्हणाला, "मेस्त्री, उद्या परत जावचा वाटला तर?"

"म्हणानच तोडूक आणलंय."

मग अख्खा गाव जांभ्याचे चिरे वाहायला लोटला. पाया भरताना नारळ ठेवायचा तो कोपऱ्यात, ही आपली रीत. पण मेस्त्रीचं मन इतकं भरून आलं होतं की त्यानं चांगला असोला, न सोललेला नारळ बरोब्बर इंजिनाच्या पायाखाली ठेवला. एरवी नारळाला कोंब यायला महिने लागतात. याला आठव्या दिवशी आला, असं म्हणतात, आणि त्या कोंबानं इंजिन बोटभर उचललं. तुळई पुन्हा वाकडी!

लोक हबकले. देवाला हे मान्य नाही, चाकं घाल आणि जा, असं काहीजण म्हणू लागले. आता चाकं होती कुठे? तेवढ्यात देवकू आली, इंजिनाखालच्या चिऱ्यांच्या भेगेत डोकावली आणि हसत सुटली.

"देव रुसलो नाय रे. नारळ रुजलो!"

पावसाळा बारा दिवसांवर आला होता. मेस्त्रीनं सगळं उपसलं, नारळ परसात लावला आणि पाया नव्यानं भरला. कोणी कुरकुरलं नाही. या खेपेला इंजिनावर ठेवलेल्या वाटीतलं पाणीसुद्धा हललं नाही, असं म्हणतात. केळीच्या सोपातून कोयती जावी तशी करवत ऐनातून गेली. आठ-आठ गड्यांनी तुळया खांद्यावर नेऊन व्हाळावर टाकल्या.

वरच्या फळ्या कापायचं काम चालू होतं, तोच डोंगरात पाऊस कोसळला आणि व्हाळ तांबडा होऊन फुगला. भेडलेवाडीतून कोणीतरी हाक मारली. इंजिनाच्या धडधडीत ती कोणाला ऐकू येणार? पण मेस्त्रीला आली. करवत लाकडात असताना इंजिन थांबवायचं नाही, पातं अडकतं, हे त्याला बापानं शिकवलेलं. त्यानं थांबवलं. मग सगळ्यांनीच ऐकलं.

"देवकूक पाठवा!"

देवकू उघड्या तुळईवरून निघाली. खाली पूर. तिचं पाऊल पडेल तिथे व्हाळानं पाणी खाली घेतलं, असं म्हणतात. दुपार टळली, तरी कोणी इंजिनाला हात लावला नाही. मग पलीकडे मूल रडलं आणि आरोळी आली, "सुटली! दोघां बरी आसत!"

मेस्त्रीनं पलीकडच्या काठाकडे पाहिलं. "आये," तो म्हणाला, "पोचले गे तुजे हात." आणि डोळे पुसून त्यानं इंजिन सुरू केलं.

तो पुढे कुसवड्याचाच झाला. आता व्हाळावर सिमेंटचा पूल आहे, बायका तालुक्याच्या दवाखान्यात जातात, गिरणी विजेवर चालते. तरी दोन्ही काठांवरच्या कुठल्याही बाईला कळा लागल्या की गिरणीत निरोप जातो, आणि करवत थांबते, अर्ध्या लाकडात असली तरी. गिऱ्हाईक मुकाट्यानं विडी पेटवून बसतं. लाडू मेस्त्रीचं नाव घेऊन सगळा गाव कान देऊन राहतो. कधी तासभर, कधी दिवसभर. आणि करवतीचा आवाज पुन्हा सुरू झाला की भांडी घासणारी एखादी म्हातारी राखेनं माखलेले हात तसेच जोडते आणि म्हणते, "सुटली गे बाय."