कोसाचा दगड

फार जुनी गोष्ट. रस्ता दुसरीकडून गेला आणि माळावर कोसाचा दगड एकटाच उरला. बोलायला कुणी नाही, म्हणून तो एका ताऱ्याला हाका मारी. तारा म्हणे, "शंभर प्रकाशवर्षं लांब आहे रे मी." मग दगड त्या प्रकाशवर्षांचे कोस करत बसे. शून्यांवर शून्यं चढत, हिशेब संपत नसे.

एकदा टिटवी म्हणाली, "दगडोबा, इथून कोसभरावर तुझा भाऊ उभा आहे. तोही एकटाच."

कपाळावर जन्मभर कोस मिरवलेला दगड गोंधळला. तो कधी चाललाच नव्हता.

"कोस म्हणजे गं किती लांब?"

"जुनी माणसं म्हणायची, एक हाक ऐकू जाते तेवढा."

दगड म्हणाला, "हाका तर मी जन्मभर मारल्या गं, पण वर तोंड करून."