बांधपालाची चूल

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की ज्या राज्यात घडली त्याचं नावही आता कुणाला धड सांगता येत नाही. पार उगवतीकडे, डोंगरांच्या पलीकडे ते राज्य होतं, आणि त्यातून एक पिवळी नदी वाहायची. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी तर जास्तच कान देऊन ऐकावी, कारण लहानांच्या हातून असली कामं होत नाहीत.

ती नदी डोंगरातून गाळ आणायची. गाळ तळाला बसायचा, तळ वर यायचा, मग माणसं काठचा बांध आणखी उंच करायची. शेकडो वर्षं हेच चाललं. शेवटी नदी वर आणि शहर खाली, अशी गत झाली. बाईनं अंगणात उभं राहून मान वर केली, तर घराच्या छपरापेक्षा उंचावरून होडीचं शीड सरकताना दिसायचं. विचार करा. डोक्यावर पाणी घेऊन ती माणसं जेवत होती, लग्नं लावत होती, लेकरं जोजवत होती.

मग त्यांना झोप कशी लागायची? एका रिवाजाच्या भरवशावर.

बांधाची देखरेख करणाऱ्याला बांधपाल म्हणत. बांधपालाचं घर बांधाच्या पायथ्याशी, शहराच्या अंगाला, शंभर पावलांच्या आत. त्याची आई, बायको, पोरं सगळी तिथंच. बांध फुटला तर पहिलं घर त्याचं जाणार. म्हणून सकाळी उठलं की माणसं आधी त्या घराकडं बघायची. चुलीचा धूर वर निघाला की म्हणायची, "चला, आजचा दिवस आपला." आणि कामाला लागायची. धूर दिसला नाही, तर सगळं टाकून डोंगर गाठायचा, हेही ठरलेलं.

त्या बांधावर एक विधवा मातीच्या टोपल्या वाहायची. तिचा तरणा लेकही तिच्या मागोमाग अनवाणी वाहायचा. पण त्याचा कान मोठा तिखट. बांधावर धुम्मस, म्हणजे माती ठोकायचा जड ठोकळा, आपटलं, की नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, आत दगड नीट बसलाय की पोकळी राहिलीय. भरीव बांध 'दण्ण' करायचा. पोकळ बांध 'भद्द' करायचा. हे त्याला आईनंच शिकवलं होतं.

एका वर्षी सगळे मुकादम "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत असताना हा एकटा म्हणाला, "ठीक नाही. इथं उकरा." उकरलं, तर आत उंदरांनी बैल मावेल एवढं बीळ केलेलं. शहर वाचलं. राजाच्या कानावर गेलं. टोपलीवाला मुकादम झाला, मुकादमाचा कारभारी झाला, आणि चाळिशी गाठायच्या आत बांधपाल झाला.

पायथ्याच्या घरात आईनं आपल्या हातानं चूल पेटवली. म्हणाली, "लई काही सांगत नाही. वर पाणी आहे, तेवढं विसरू नको."

तो विसरला नाही. तेच तर त्याचं दुखणं झालं.

झालं असं, की एक दिवस डोंगरातल्या दगडखाणीचा मालक भेटायला आला. हातात नवा कातडी जोडा. आतून मेंढीची लोकर.

"हे काय?" बांधपालानं विचारलं.

"धनी, पाय बघवत नाहीत हो आपले. टाचेच्या भेगांत धान्य पेरता येईल! बांधपाल असा हिंडतो, लोक आम्हाला हसतात."

"लाच नको मला."

"लाच? जोडा कधी लाच असतो का? मी काही मागितलं का?"

खरंच त्यानं काही मागितलं नाही. बांधपालानं जोडा घातला. ऊब पायातून पोटात गेली. महिन्यानं दगडाच्या दहा गाड्या आल्या, त्यातल्या एका गाडीत दगडाऐवजी लव्हाळ्याच्या पेंढ्या होत्या, हिशेबात मात्र दहाही दगडाच्या. खाणवाला कानाशी लागला. "वरून मातीचा लेप दिला की झालं. आवाजावरून ओळखणारा माणूस राज्यात एकच, आणि तो आमचा धनी."

बांधपाल हसला. तिथंच सगळं संपलं होतं, पण ते त्याला कळायला अजून नऊ वर्षं होती.

जोड्यामागून शाल आली. शालीमागून बायकोला हिरव्या दगडाच्या बांगड्या. मग घोडा. मग डोंगरावर मेव्हण्याच्या नावानं एक मोठं घर. दहातली एक लव्हाळ्याची गाडी होती, तिच्या पाच झाल्या, मग आठ. एवढी पोकळी लपवायची कुठं? बांधपालानं डोकं चालवलं. राजाचे तपासनीस लोखंडी सळई खुपसून सगळा बांध बघत, पण बांधपालाच्या घरासमोरच्या तुकड्यात कधी खुपसत नसत. स्वतःच्या छातीवर कोण पाणी घेईल? तर यानं घेतलं. सगळी लव्हाळी आपल्याच दारासमोर भरली. त्याला वाटलं, आपल्याइतकं हुशार कोणी नाही.

मग भीती आली.

आधी ती कानात शिरली. ज्या कानानं त्याला वर चढवलं, तोच आता त्याला खाऊ लागला. भांड्यात पाणी ओतलं तरी तो दचकायचा. बायकोनं ओला कपडा पिळला तर ओरडायचा, "बंद कर ते!" घरासमोरच्या बांधाजवळून जाताना पाय हळू टाकायचा, जणू आत कोणी निजलंय. धुम्मसाला हात लावीनासा झाला. अंगणात बसलं की वरून जाणाऱ्या होडीची सावली त्याच्या अंगावरून सरकायची, आणि तो भिंतीला चिकटून बसायचा.

बायकोपोरांना त्यानं हवापालटाच्या नावाखाली डोंगरावर हलवलं. दिवे लागायच्या सुमाराला स्वतःही मागच्या वाटेनं वर जायचा. खाली राहिली फक्त आई. धूर निघायला हवा होता ना! "पुढच्या वर्षी तिलाही नेऊ," असं तो मनाला सांगायचा. असं सांगत पाच वर्षं गेली.

मग एका वसंतात वरच्या डोंगरांतलं बर्फ एकदम वितळलं. नदी फुगली. पाणी बांधाच्या माथ्याखाली चार बोटांवर आलं. सकाळी बांधपाल घोड्यावरून, मागं एक झाकलेली पालखी घेऊन खाली आला आणि दारातच थबकला. घरासमोरच्या बांधावर परातीएवढा ओला डाग होता.

तो आत धावला. आई चुलीपुढं बसून भाताचं मडकं ढवळत होती.

"आई, ऊठ. मागच्या दाराला झाकलेली पालखी आणलीय. वरच्या घरी चल."

"का?"

"हवा चांगली आहे."

"मला इथली मानवते."

"आई, ऐक गं. आज हट्ट नको."

"कारण सांग, येते."

खरं कारण तोंडातून निघालं, की मान जायची. तसा कायदाच होता.

"आणि चूल?" म्हातारीनं विचारलं.

"पालखीबरोबर नोकर आलाय, तो पेटती ठेवील."

"म्हणजे धूर निघेल."

"निघेल."

"आणि तो बघून समोरची विणकरीण आपल्या आंधळ्या नवऱ्याला सांगेल, आजचा दिवस आपला."

तो तिची वाकळ गुंडाळू लागला.

"अरे मुडद्या," म्हातारी शांतपणे म्हणाली, "तुझा कान कुणी तयार केला? रोज सकाळी काठी टेकत मी त्या बांधापर्यंत जाते. रोज काठी आपटते. पाच वर्षं झाली, 'भद्द' ऐकतेय. वाटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. पोटचा आहे, मला मरायला नाही ठेवायचा. तू ठेवलंस."

"मग तू का नाही बोललीस कुणाला?"

"आई आहे ना. तेच चुकलं माझं." मडकं उतरवून तिनं पुन्हा विचारलं, "आता तुझ्या तोंडानं सांग. बांध कसा आहे?"

बाहेर कुठंतरी पाणी ठिबकल्यासारखं झालं. तो तिथंच राखेत बसला.

"पोकळ आहे, आई."

म्हातारी उठली. कोपऱ्यातली पाण्याची घागर तिनं दोन्ही हातांनी उचलली. ती काय करणार हे कळताच त्यानं झडप घालून तिचं मनगट धरलं.

"नको! धूर बंद झाला तर अख्ख्या शहराला कळेल! माझी मान जाईल, आई!"

"हात सोड."

"आई, पाया पडतो!"

"इथं माणसं आहेत रे. हात सोड."

दारातून तो डाग दिसत होता. परातीचा आता घोंगडीएवढा झाला होता, आणि त्याच्या मधोमध एक लव्हाळ्याची काडी बाहेर येऊन हलत होती, हाक मारल्यासारखी. बांधपालानं आईच्या तोंडाकडं पाहिलं.

आणि हात सोडला.

घागर चुलीवर रिकामी झाली. फस्सकन राख उडाली आणि धूर तुटला.

शहरात एका बाईनं धुणं पिळता पिळता मान वर केली. तिनं शेजारणीला हाक मारली. शेजारणीनं गल्लीला. कुणी काही विचारलं नाही. म्हातारे पाठीवर, पोरं काखेत, अशी सगळी माणसं डोंगराकडं पळाली. सूर्य डोक्यावर यायच्या आत बांध फुटला. आधी 'भद्द' झालं, मग असा आवाज आला, की तो ऐकलेली माणसं पुढं जन्मभर मोठ्यानं बोलायची. घरं गेली, गुरं गेली. माणसं वाचली. फक्त आंधळा विणकर आणि त्याची बायको मागासून गाळात सापडली, एकमेकांचा हात धरलेली.

राजापुढं सगळ्यांना उभं केलं. खाणवाला सगळ्यात आधी बोलला. "महाराज, मी एक जोडा दिला. घालायचा की नाही, हे पायाच्या धन्यानं बघायचं." राजानं त्याला त्याच्याच खाणीत दगड फोडायला धाडलं, अनवाणी.

बांधपाल म्हणाला, "महाराज, सगळेच थोडंथोडं घेतात."

"घेत असतील," राजा म्हणाला. "पण पाणी तुझ्या बांधातून आलं." मग त्यानं म्हातारीला विचारलं, "बाई, तुमचं काय म्हणणं?"

"दोषी आहे," आई म्हणाली. "पण हात सोडला त्यानं."

राजा म्हणाला, "हात सोडला म्हणून मान ठेवतो. पण त्याच्या दारासमोरचा तुकडा पुन्हा तसाच बांधा, लव्हाळ्याचा. मागं त्याचं घर. आणि घराच्या मागं शहराकडून गोल, भरीव दगडाचा खरा बांध. आता त्याला तिथं राहू द्या."

तसंच झालं. बांधपाल त्या दोन बांधांच्या मधे राहू लागला. त्याला एक टोपली दिली आणि एक धुम्मस. आपला तुकडा भरीव करायची मोकळीक होती, पण माती तिथलीच खणून घ्यायची. जितका बांध भरायचा, तितकं अंगण खोल जायचं. पाणी आणखी वर दिसायचं.

रोज सकाळी म्हातारी खऱ्या बांधावर चढायची, दोरीनं भाताचं मडकं खाली सोडायची आणि म्हणायची, "आपट."

तो आपटायचा. दोघंही कान द्यायची.

"भद्द."

"उद्या परत," ती म्हणायची आणि काठी टेकत निघून जायची.

एका सकाळी मडकं दुसऱ्याच कुणीतरी सोडलं. त्यानं वर बघितलं आणि काय ते समजला. तरी त्यानं टोपली भरली, ओतली, आणि धुम्मस आपटलं. चूलही रोज पेटवायचा. पण तो धूर बघून कुणी म्हणत नव्हतं, की आजचा दिवस आपला. आणि दर वसंतात बर्फ वितळायचं.

ध्यानात ठेवा: ज्या कामावर दुसऱ्यांचे जीव टांगलेले असतात ते काम पोकळ केलं, तर त्याची भीती आधी आपल्याच घरात राहायला येते आणि मरेपर्यंत जात नाही.