आप्पांची मिटलेली मूठ

भाविकहो, प्रवरेकाठी खडकेवाडीला येशूभक्त याकोबबाबा राहत, तेव्हाची ही गोष्ट. गावाबाहेर क्षयरोग्यांचा आश्रम बाबा लोकांच्या दानावर चालवत. दान मागायला जाई आश्रमाची स्वयंपाकीण, एस्तेरबाई. बाबांचा दंडक एकच : देणंघेणं मागाहून, आधी समोरच्या माणसासाठी प्रार्थना.

एकदा आश्रमाच्या कणगीतली ज्वारी तळाला गेली. रात्रीच्या भाकरीपुरतंही पीठ उरलं नाही. रोग्यांना घरी धाडावं, तर घरचे उंबरा ओलांडू देतील? धावतपळत एस्तेरबाईनं सालोमनआप्पांचं घर गाठलं. आप्पा ख्रिस्ती मंडळीचे पंच, तेलघाण्याचे मालक. उपासनेत त्यांचा आवाज सर्वांत मोठा, दानपेटीत नाणं सर्वांत लहान!

"आप्पा, आश्रमाला ज्वारी द्या हो," दारातूनच ती म्हणाली.

आप्पा ओसरीवर चार माणसांत बसले होते. "का गं, बाबांचा देव पाखरांना पोसतो ना? मग तुला दारोदार का हिंडवतो?"

माणसं खिदळली. आप्पांनी शालीखालून उजवा हात काढला. वाताच्या झटक्यानं मिटलेली ती मूठ कित्येक महिने उघडली नव्हती.

"हिच्यातून गळेल ते घेऊन जा!"

बाबांपुढे घडलेलं सांगता सांगता बाईला रडू कोसळलं. बाबांनी विचारलं, "आप्पांसाठी देवाजवळ काय मागितलंस?"

ती चपापली. "राहिलंच, बाबा. सगळा जीव ज्वारीत होता."

"म्हणजे तू माणसाकडे गेलीच नाहीस, त्याच्या कणगीकडे गेलीस. जा पोरी, परत जा. आता मागू मात्र नकोस."

दिवस कलला, चूल थंड, आणि जायचं ते मागायला नाही! तरी ती गेली.

"आली पुन्हा!" आप्पा खेकसले.

"मागायला नाही, आप्पा." तिनं अंगणातच गुडघे टेकले. "प्रभो, हा हात फार ठणकत असेल. याला मोकळा कर."

आजवर जो तो आप्पांच्या तिजोरीची चौकशी करी. हाताची कुणी केली नव्हती. आप्पांचे डोळे भरले. करंगळी हलली. मग एकेक बोट सुटत गेलं. धन्य तो प्रभू! तळव्यावर नखांचे खोल व्रण होते.

दिवेलागणीला पोत्यांनी लादलेली बैलगाडी आश्रमात आली. आप्पा बाबांच्या पायांवर वाकले, तशी बाबांनी त्यांना वरच्यावर धरलं.

"माझे पाय राहू द्या. आणि पोती उतरवण्याआधी दंडक पाळा, आप्पा."

आप्पा चुलीकडे वळले. एस्तेरबाईपुढे मान लववून, उघडा हात पसरून म्हणाले, "बाई, तुझ्यासाठी देवाजवळ काय मागू?"

जन्मभर दुसऱ्यांसाठी मागणाऱ्या त्या बाईला काही केल्या सुचेना!