जाळीघरातली शीळ

एका डोंगराच्या कुशीत एक रान होतं. रानाला अस्वल राजा होता आणि राजाला भाषणाची खोड होती. भाषण संपलं की रान गप्प राही. महाराजांना ते फार खटके.

त्या रानात शीळकरी कस्तूर पक्ष्यांची एकच जोडी उरली होती, निळोबा आणि निळाई. अंगावर जांभळट निळं तेज, आणि निळोबाची शीळ अशी, की ओढ्याचं पाणीसुद्धा पावलं हळू टाकी.

"आमच्या वाक्यावाक्याला अशी शीळ मिळाली तर?" महाराज म्हणाले.

झालं! प्रधान तरसानं राजबागेत बांबूचं जाळीघर उभारलं, जोडी धरून आत सोडली आणि वर फलक लावला : 'सुरक्षित कस्तूर, समृद्ध रान.' राखणीला नेमली गोदाक्का शेकरू. चार पोरं वाढवलेली, झुबकेदार शेपटीची.

"निवडणुकीआधी पिल्लं दिसली पाहिजेत, गोदाक्का," तरस म्हणाला. तो बोलता बोलता हसे. "नाही दिसली, तर तुझ्या शेपटीची महाराजांना छान चवरी होईल. ही ही ही!"

"अहो प्रधानजी, यांना वाहतं पाणी लागतं. ओला चिखल, शेवाळ. धबधब्यामागच्या कपारीत घर करणारी जात ही."

"मग ओढाच आणू की आत!"

ओढ्याचा पाट आत आला. उद्घाटनाला महाराज बोलायला उभे राहिले, तर पाणी खळखळू लागलं.

"मध्ये कोण बोलतंय?" महाराज गरजले.

पाट त्याच दिवशी बंद झाला. पण उद्घाटन होऊन गेलेलं असल्यामुळे कागदावर ओढा वाहतच राहिला.

निळाई सुक्या मातीला चोच मारी आणि गोदाक्काकडे बघे. त्या बघण्यानं गोदाक्काचा जीव कासावीस होई. मग ती रोज पहाटे ओढ्यात शेपटी बुडवी, धावत येई आणि जाळीघरातल्या दगडांच्या कपारीवर पिळी. पिळता पिळता गुणगुणे :

भिज गं माती भिज, दगडाच्या कुशीत,
निळ्या माझ्या लेकी, नीज शेवाळाच्या उशीत.

घरटं झालं. तीन अंडी, तीन पिल्लं. महाराज पिल्लांना गांडूळ भरवताहेत अशी चित्रं झाडाझाडावर लागली. महाराजांनी गांडूळ चित्रातच पाहिलं.

पण निळोबाची शीळ काही फुटेना. पिल्लांना पंख फुटले, तशी ती जाळीवर छाती आपटून खाली पडू लागली. प्रचाराच्या शेवटच्या सभेच्या आदल्या दिवशी धाकटीच्या छातीवर रक्त दिसलं. गोदाक्कानं स्वतःच्या शेपटीवरून एकदा हात फिरवला आणि दातांनी बांबू कुरतडला. पाच निळे ठिपके दरीत उतरले.

तरस आला तेव्हा ती पाठमोरी उभी होती.

"कापा. फक्त जरा खालून कापा, थंडी येतेय."

तरस रिकाम्या जाळीघराकडे बघत राहिला. पहिल्यांदाच हसला नाही.

"रिकामं आहे असं कोण म्हणालं?"

"दिसतंय की!"

"दिसायचं नाही. पडदा लाव. आत वीण सुरू आहे, त्रास देऊ नये, असं लिही. आणि शेपटी सांभाळ बाई, उद्या तुझा सत्कार आहे. ही ही ही!"

दुसऱ्या दिवशी पडद्याआड नकला करणारी एक साळुंकी बसवली.

"आम्ही कस्तुरांना काय दिलं?" महाराजांनी विचारलं. शीळ.

"सुरक्षा दिली!" शीळ.

रानानं टाळ्या पिटल्या. तेवढ्यात ओढ्याच्या वाटेनं एक लांब, ओली शीळ दरीतून वर आली, वाक्याच्या अगदी मध्येच. साळुंकी आपलं काम विसरून ऐकत बसली.

"हा कोण?" महाराज थबकले.

"विरोधक, महाराज," तरस म्हणाला. "बाहेरच्यांचा हात आहे यात."

मंचावर गळ्यात हार घालून बसलेल्या गोदाक्कानं डोळे मिटले. सवयीनं ती आजही पहाटे ओढ्यावर जाऊन आली होती. शेपटीतून अजून एकेक थेंब गळत होता.

चार दिवसांनी निकाल लागला. जाळीघराच्या केंद्रावर सगळ्यात जास्त मतदान झालं होतं. बाराशे कस्तुरांनी एकमुखानं महाराजांना मत दिलं.