निसरडा खडक

एकदा एका खाडीच्या मुखाशी मासेमारी होडीचा एक वृद्ध तांडेल राहत असे. वारा, पाणी आणि मासळी यांचं त्याच्याइतकं ज्ञान पंचक्रोशीत कुणाला नव्हतं. मोरेश्वर हा त्याचा शिष्य. बारा वर्षं त्यानं होडी वल्हवली, जाळी विणली, पण गुरूच्या तोंडून ‘शाब्बास’ काही निघालं नाही. त्या एका शब्दासाठी बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागला होता.

एका ओहोटीला तांडेल शेवाळावरून घसरला, गुडघा दुखावला. मोरेश्वरनं ते मनावर घेतलं. लांबच्या बंदरात परदेशी जहाजांच्या तळाला चिकटून आलेल्या गोगलगायी खडकांवरचं शेवाळ फस्त करताना त्यानं पाहिल्या होत्या. टोपलीभर आणून त्यानं त्या खाडीत सोडल्या. दोन-तीन वर्षांत त्या अमाप वाढल्या आणि खडक घासलेल्या तांब्यासारखे लख्ख झाले. गावानं शाल-नारळ दिला. स्वारी शाल पांघरूनच गुरूकडे गेली.

तांडेलानं पाण्यात जाळं फेकलं, ओढलं आणि रिकामंच त्याच्या हातात दिलं.

“शेवाळ म्हणजे घाण नव्हे रे. बोयी माशाची पिल्लं तेच खातात, त्यातच लपतात. त्यांचा पाळणा मोडलास तू.”

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. मोरेश्वरनं शाल परत केली, गावासमोर चूक कबूल केली आणि टोपली उचलली. दर ओहोटीला तो गोगलगायी वेचू लागला. पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी कालवं काढणाऱ्या बायाही वेचायला आल्या. अशी सहा वर्षं गेली.

एके सकाळी तांडेल खडकावर उतरला आणि धपकन आपटला. मोरेश्वर धावला, तर म्हातारा चिखलात बसून हसतोय आणि बायांना हाका मारतोय, “या गं, बघा. माझ्या शिष्यानं मला पाडलं.”

“बाबा, लागलं का? आणि हसताय काय?”

“अरे, खडक निसरडा झाला म्हणजे खाडी जिवंत झाली. चुका सगळेच करतात, मोऱ्या, आणि झाकतातही. आपली चूक भर उन्हात वाकून वेचणारा मी तुझ्याशिवाय पाहिला नाही. अभिमान वाटतो मला तुझा. शाब्बास.”

मोरेश्वरनं त्याला उठवायला हात दिला आणि तोही घसरून शेजारी बसला. खळग्यातली बोटाएवढी पिल्लं सुर्रकन पळाली. दोघांनाही उठायची घाई नव्हती.